लंकाबाईंची मूठ

लंकाबाईंबद्दल चार ओळी लिहून द्या, असं पाळकसाहेबांनी मला सांगितलं तेव्हा माझ्या पोटात दुखलं. चर्चच्या स्मरणिकेसाठी हव्या होत्या. मी दिल्या. "सेवाभावी, नम्र, प्रार्थनाशील" असे तीन शब्द घातले, एक जुना फोटो जोडला आणि मोकळी झाले. पण त्या चार ओळींत लंकाबाई कुठेच नाहीत. नम्र तर त्या अजिबात नव्हत्या. म्हणून हे दुसरं लिहिते आहे, माझ्या मनाप्रमाणे. यात कुठे त्यांची स्तुती आलीच, तर ती माझ्याकडून ओढून काढलेली आहे असं समजावं.

आमचं चर्च नाशिकरोडला, जेलरोडच्या एका आतल्या गल्लीत. लहानसं, दगडी, वर कौलं. साठ-पासष्ट घरांची मंडळी. कोणी प्रेसमध्ये, कोणी रेल्वेत, कोणी शाळामास्तर. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. पुष्कळ ठिकाणी आता बेकरीतला ब्रेड आणून त्याचे चौकोनी तुकडे करतात. आमच्याकडे ते चालत नसे. आमच्याकडे एकच भाकर. बायबलात भाकर म्हटलंय म्हणून भाकर म्हणायचं. असते ती गव्हाची, जाड, ताटाएवढी, मिठाशिवाय आणि तेलाशिवाय. पाळक ती दोन्ही हातांनी उचलतात, सगळ्यांना दिसेल अशी मोडतात, आणि तिचाच तुकडा प्रत्येकाच्या तळहातावर येतो. या भाकरीचा गहू विकत आणायचा नाही, ही आमच्या मंडळीची जुनी रीत. तो घरोघर मागून आणायचा. प्रत्येक घरातून एक मूठ.

माझ्या सासूबाई, सावित्रीबाई, यांनी ही भाकर वर्षानुवर्षं केली. मी लग्न होऊन आले ती थेट त्यांच्या हाताखाली. गहू निवडायची मी, गिरणीवर जायची मी, पीठ मळताना परात धरायची मी. लोक म्हणायचे, सावित्रीबाईंनंतर आता मीनाच. मीही तेच धरून चालले होते. एक्याण्णव साली त्या अंथरुणाला खिळल्या आणि महिला मंडळाच्या बायका भेटायला आल्या. कोणीतरी विचारलं, "भाकरीचं पुढे कसं करायचं, सावित्रीबाई?" मी पायथ्याशी बसून त्यांचे पाय दाबत होते.

"लंकाला द्या," त्या म्हणाल्या.

मी पाय दाबतच राहिले. दुसरं काय करणार? बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि मी हसरा चेहरा करून बसले होते. तो चेहरा अजून माझ्या गालांत दुखतो.

सगळ्या गेल्यावर मी विचारलं, "माझ्या हाताला काय झालंय, आई?" त्या म्हणाल्या, "काही नाही. तुझा हात चांगला आहे. म्हणूनच. तुझी भाकर तुझी लागेल." मला ते कौतुक वाटलं, आणि कौतुक करून वर माझा हक्क दुसरीला दिला म्हणून आणखीच राग आला. नंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत. त्यामुळे पुन्हा विचारणं झालं नाही.

आता ही लंका कोण, तर चर्चच्या मागच्या खोलीत राहणारी विधवा. मिशनच्या एका दवाखान्यात आया होती. खोली फुकट, त्याबदल्यात चर्च झाडायचं आणि घंटा वाजवायची. बुटकी, रुंद, दातांना कायम मिश्री. गाणी म्हणायची ती सगळ्यांच्या वरच्या पट्टीत आणि चुकीच्या सुरात. पाळकांचा संदेश लांबला की पहिल्या बाकावर बसून खुशाल घोरायची. भाजीवाल्याशी अशी घासाघीस करायची की मला लाजेनं गल्लीच्या दुसऱ्या बाजूनं जावं लागायचं. अशा बाईच्या हातात सावित्रीबाईंची परात गेली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला नसता तरच नवल.

आणि लोकांना ती आवडली, हे तर त्याहून वाईट. मूठ मागायची तिची स्वतःची तऱ्हा होती. पहिल्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी पांढरी पिशवी घेऊन निघायची. नियम एकच, दार उघडेल त्याची मूठ. बाप्यानं उघडलं तर त्याचा राठ पंजा, शेंबड्या पोरानं उघडलं तर त्याची बोटभर मूठ. सासूबाई गहू मापून घ्यायच्या. लंकाबाई कमी-जास्त म्हणायची नाही. माणसं हसत दार उघडू लागली. दार वाजलं की पोरं पळत यायची. गिरणीवर दळण देताना आपण सांगतो ना, बाजरीवर टाकू नका, गव्हावर गहूच टाका? लंकाबाई तेही सांगायची नाही. एकदा बाजरीनंतर दळून आणलं आणि भाकर काळपट झाली. मी सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. ती म्हणाली, "आसू दे. बाजरीवाल्याचीबी मूठ आली म्हनायची." सगळे हसले. मी सोडून.

तिच्याकडे आणखी एक गोष्ट होती जी मला डाचायची. तिचे इग्नातीबुवा. तिचा बाप झिपरू हा सिन्नरकडच्या खेड्यांत सायकलवर फिरून येशूची कीर्तनं करायचा. हार्मोनियम पाठीला बांधलेली. पूर्वरंग झाला की उत्तररंगात कोणातरी हुतात्म्याचं आख्यान लावायचा, आणि त्याचं आवडतं आख्यान अंत्युखियाच्या इग्नेशियस पाळकांचं. लंकाबाईनं ते बापाच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं होतं की इग्नातीबुवा म्हणजे तिला माहेरचं माणूस. कुठेही बसली की सुरू.

"बुवा म्हातारं झालेलं," ती सांगायची. "राजानं सांगितलं, याला धरा, रोमला न्या आन् सिंव्हापुढं टाका. दहा शिपाई दिले. शिपाई कसले, दहा बिबटे. आपल्या मालेगावहून मुंबईला आग्रा रोडनं चालवत न्यावं, तसं चालवलं म्हाताऱ्याला. साखळी घालून. वाटेत गावोगावची मंडळी भेटायला यायची, रडायची. आन् ह्यो काय करतो? ह्यो त्यान्ला सांगतो, माझं सोडा, तुमच्यात भांडनं किती हायेत? एक भाकर मोडा. एका मेजाभोवती बसा. फूट पडली की समजा मला सिंव्हानं खाऊनबी काय उपेग नाय." मग आवाज खाली आणायची. "रोमची मंडळी म्हनली, आम्ही वशिला लावतो, तुमाला सोडवतो. बुवा म्हनला, खबरदार. मी देवाचा गहू हाय. सिंव्हाच्या दातात दळू द्या मला, पीठ होऊ द्या."

ऐकणारे हातातलं काम खाली ठेवायचे. मी एकदा वाचनालयातून ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासाचं पुस्तक आणून सगळं वाचून काढलं. त्यात आग्रा रोड नव्हता, हे सांगायला नकोच; रोमपर्यंतचा निम्मा प्रवास जहाजातून होता. महिला मंडळात मी तिला दुरुस्त केलं. ती रागावली नाही. "मग तू सांग, मीना," म्हणाली आणि सरकून बसली. मी नीट, सनावळीसकट सांगितलं. माझं सांगून होईपर्यंत दोघी चहा करायला उठून गेल्या होत्या.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात आमच्याकडे काविळीची साथ आली. तोवर प्रभुभोजनात एकच मोठा प्याला सगळ्यांच्या ओठांवरून फिरायचा. माझे यजमान दिनेश म्हणजे चर्चच्या पंचमंडळाचे सेक्रेटरी. त्यांनी भांडी बाजारातून स्टीलचे छोटे छोटे पेले आणले, अंगठ्याएवढे. प्रत्येकाचा आपला वेगळा. गोष्ट शहाणपणाची होती, मी आजही म्हणेन. पण जुने लोक उसळले. प्रभूनं एक प्याला दिला होता की वाट्यांचा सेट, असं एकानं भर सभेत विचारलं. तेव्हापासून दिनेशच्या बाजूच्यांना वाटीवाले म्हणू लागले आणि आम्ही त्यांना उष्टेवाले. ज्यांनी एकमेकांच्या पोरांचे बाप्तिस्मे पाहिले, ते एकमेकांना सलाम करेनात. शेवटी आठची उपासना प्यालेवाल्यांची, दहाची आमची. बिचारे शिरसाठ पाळक दोन्हींकडे तेच वचन, तीच प्रार्थना. आठ वाजता मोठा प्याला, दहा वाजता स्टीलच्या वाट्या. त्यांच्या तब्येतीची कोणाला पडली नव्हती.

लंकाबाई दोन्ही वेळा घंटा वाजवायची आणि दोन्ही उपासनांना बसायची. दोन्हीकडे घोरायची. भाकरी आता दोन लागत होत्या, त्या ती करायची. काही महिन्यांनी दिनेशच्या लक्षात आलं की गहू मात्र ती सगळ्या घरांतून एकत्रच मागते आहे. आमच्या भाकरीत त्यांचा गहू, त्यांच्या भाकरीत आमचा. पंचांनी तिला बोलावलं. सभा आमच्याच पडवीत होती, त्यामुळे मी दाराआडून नाही, चांगली चहाचा ट्रे घेऊन समोर उभी होते.

"लंकाबाई, तुम्ही एक ठरवा," दिनेश म्हणाले. "आठच्या की दहाच्या? दहाच्या असाल तर फक्त आपल्या घरांचा गहू घ्या."

"मी पीठ एकच मळते," ती म्हणाली. "तुमच्या येळा दोन झाल्या म्हनून गोळा तोडून दोन करते. गहू येगळा केला तर मग ती भाकर नाय, ती पोळी."

"मग तुम्हाला भाकर करता येणार नाही."

"बरं."

"आणि खोली चर्चच्या कामासाठी आहे. काम नाही तर खोलीचंही बघावं लागेल. आम्हाला संडे स्कूलला जागा हवीच आहे."

मला वाटलं, आता वाकेल. त्या खोलीत तिचा नवरा वारला होता. दुसरीकडे तिचं कोणी नव्हतं. पण तिनं मिश्रीचं बोट पदराला पुसलं आणि इग्नातीबुवा सुरू केले. अंत्युखियापासून रोमपर्यंत, सगळे दहा बिबटे. पंच घड्याळं बघत होते. संपल्यावर "बरं, येते" म्हणून गेली.

प्यालेवाल्यांना वाटलं, बाई आपली झाली. तिनं त्यांनाही विचारलं: दहाच्या घरांचा गहू चालेल का? ते म्हणाले, मुळीच नाही. मग तुमचीबी नाय करत, ती म्हणाली. ते चिडले आणि बेकरीचा ब्रेड आणू लागले. मात्र खोलीचं कळल्यावर त्यांनाच तिचा पुळका आला. ती निघायच्या दिवशी वत्सलाबाई आणि आणखी बरेच जण खोलीपुढे येऊन बसले. वत्सलाबाई आमच्या मंडळीतली सगळ्यात जुनी बाई, प्याल्याच्या बाजूची नाही आणि वाट्यांच्याही फारशी नाही, पण दहाला यायची कारण आठला तिला उठवत नसे. "लंका, तू हलायचं नाहीस," ती म्हणाली. "आम्ही बघतो कोण काढतो ते." आमच्या बाजूचेही काही त्यात होते. मी गच्चीतून बघत होते.

लंकाबाई बोचकं घेऊन बाहेर आली. "उठा," म्हणाली. "माझ्यासाठी भांडू नका. आता दोन हायेत, मग तिसरा पक्ष होईल. लंकावाले म्हनतील तुम्हाला. मला नाय पायजे." एक स्टोव्ह, एक बोचकं, एक पत्र्याचा डबा. रिक्षात बसली आणि सिन्नर फाट्याला एका भाड्याच्या खोलीत राहायला गेली. बसलेले लोक उठून कपडे झटकत घरी गेले.

मला वाटलं होतं, आनंद होईल. झालाही. संध्याकाळपर्यंत टिकला. मग लक्षात आलं की गल्लीत सगळीकडे तिचंच नाव चाललंय, आणि इग्नातीबुवांचं. खोली तिची गेली होती आणि हरल्यासारखं मला वाटत होतं.

पण भाकर माझ्याकडे आली. शेवटी. दिनेश म्हणाले, कशाला दारोदार मागायचं, घरचा गहू घे. मी उत्तम सिहोर गहू आणला, गव्हावरच दळून घेतला, वर उभी राहून. पीठ दुधात भिजवलं. चमचाभर साजूक तूप लावलं. कोणी सांगितलंय की प्रभूची भाकर चामड्यासारखी असावी? पाळकांनी मोडली तेव्हा ती अलगद सुटली, सायीसारखी. पोरं आयांच्या कानात म्हणाली, मोठा तुकडा सांग. उपासना सुटल्यावर मी मुद्दाम दारापाशी उभी राहिले. वत्सलाबाई काठी टेकत आली, माझा हात धरला.

"मीना, भाकर फार छान झाली हो," ती म्हणाली. "आमच्या निकिताचं डोहाळजेवण आहे पुढच्या महिन्यात. तेव्हा करून देशील?"

मी हो म्हटलं. घरी येऊन परात घासताना सासूबाईंचे शब्द आठवले, तुझी भाकर तुझी लागेल, आणि परात आपटली. पुढच्या महिन्यात दूध घातलं नाही, तूप घातलं नाही. भाकर कडक झाली. लोक म्हणाले, मीनाची या वेळी बिघडली. चांगली झाली तरी मीनाची, बिघडली तरी मीनाची. जे मला हवं होतं तेच मिळत होतं आणि ते घशाखाली उतरत नव्हतं.

आणि इकडे लंकाबाई काय करत होती? मूठ मागत होती. भाकर तिच्याकडे नाही, खोली नाही, तरी पहिल्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी सिन्नर फाट्याहून बसनं यायची, पांढरी पिशवी घेऊन, दोन्हीकडच्या घरांत. "कशाला हवा आता गहू?" लोक विचारायचे. "एकत्र बसाल तेव्हा लागंल," ती म्हणायची. डब्यात कडुलिंबाचा पाला घालून ठेवायची. किडायला लागला की जुना गहू दवाखान्यातल्या गोरगरिबांना द्यायची आणि नवा भरायची. आमच्या पंचांनी सभेत माना डोलावल्या होत्या की असा गहू कोणी देऊ नये. घरी जाऊन सगळ्यांनी दिला. पंचांच्याही बायकांनी दिला. मला माहीत होतं, दिनेशला माहीत होतं, कोणी बोलायचं नाही.

माझ्या दारात यायची तेव्हा दार मीच उघडायची.

"मूठ," ती म्हणायची.

"आमच्याकडे नाही, लंकाबाई."

"बरं."

बस्स, एवढंच. भांडली असती तर मी भांडले असते. उपदेश केला असता तर ऐकवले असते चार शब्द. ती नुसती बरं म्हणायची, पुढच्या दारात जायची, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा हजर. वर्षं गेली. विंचूरला वाइनचे कारखाने उभे राहिले, आमचा द्राक्षारस मात्र मनुका उकळूनच होत राहिला. तिची पाठ वाकली, पिशवी लहान झाली, माझं "नाही" तसंच राहिलं. एकदा मी तापानं पडले होते. दार दिनेशनं उघडलं. सेक्रेटरीसाहेबांनी इकडेतिकडे बघितलं आणि चक्क डब्यात हात घातला. मला आतून ऐकू आलं, ती म्हणाली, "तुमची नको, भाऊ. हिची पायजे. बरी झाली की येईन."

सगळ्या घरांत दार उघडेल त्याची मूठ आणि माझ्या घरी फक्त माझी. तो मान होता की सूड, मला आजही ठरवता येत नाही. त्या दिवशी मी उशीत तोंड खुपसून तिच्यावर इतकी जळले की तापाचं निमित्त होतं म्हणून बरं.

दोन हजार तीन साली, ईस्टर झाल्यावर, लंकाबाई गेली. ज्या दवाखान्यात तिनं आयुष्यभर फरशा पुसल्या तिथेच. अंत्यविधी किती वाजता ठेवायचा हा प्रश्न पाळकांनी कोणाला विचारलाच नाही. दुपारी एकदा घंटा वाजवली आणि सगळे आले. आठचे आणि दहाचे सहा वर्षांनी एका छपराखाली. कुठल्या बाकावर बसायचं ते लोकांना कळेना. आपापल्या जागी गेले तर तिथे दुसरा बसलेला, कारण ती त्याचीही जागा होती. सरकून बसले. उन्हाळ्याचं चिकटून बसणं, कोणी तक्रार केली नाही. पाळक म्हणाले, "येत्या पहिल्या रविवारी उपासना एकच होईल. भाकर एक असेल. गहू लंकाबाईंनी ठेवलेला आहे." दिनेश पुढच्या बाकावर खाली मान घालून होते. ते दफनभूमीतून येताना मला म्हणाले, "प्याला आणि वाट्या दोन्ही ठेवल्या मेजावर तर काय बिघडेल? ज्याला जे हवं ते." सहा वर्षांत हे एकाही शहाण्याला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब स्कूटरवर पुढ्यात तो पत्र्याचा डबा धरून आमच्या दारात आले. मीच दार उघडलं.

"हा तुमच्याकडे द्यायला सांगितला होता त्यांनी," ते म्हणाले. "शेवटच्या आठवड्यात, दवाखान्यात. म्हणाल्या, यात एक मूठ कमी आहे. ती पडली की दळून आणा. भाकर मीना करेल."

डबा ठेवून ते गेले. एवढीशी बाई, मातीत गाडून आलो, आणि पुन्हा माझ्या दारात उभी. मी डबा स्वयंपाकघरात नेला. झाकण उघडलं तर कडुलिंबाचा कडू वास. गहू नाना तऱ्हेचा होता. काही टपोरा सिहोर, काही रेशनचा बारीक, काही लोकवन, मधे एखादा हरभरा, कोणाच्या तरी मुठीतून आलेला. साठ घरांचा. माझ्या घराचा नाही.

मूठ टाकली नसती तरी कोणाला कळलं नसतं. डबा सरळ गिरणीवर नेला असता, भाकर केली असती, लोकांनी खाल्ली असती. तिची इच्छा मोडल्याचं समाधान मला जन्मभर पुरलं असतं. मग डोक्यात आलं: उद्या ती भाकर सगळ्या मंडळीची असेल, उष्टेवाल्यांची, वाटीवाल्यांची, वत्सलाबाईची, निकिताच्या चिमुरड्या पोरीचीसुद्धा. आणि ज्या बाईनं ती मळली तिचीच तेवढी नसेल. हे मला सोसवेना. सगळ्यांना वाटा आणि मला नाही? मी आमचा गव्हाचा डबा ओढला, मूठ भरली आणि टाकली. प्रेम नव्हतं ते. पश्चात्ताप तर अजिबात नव्हता. मला माझा वाटा हवा होता.

गिरणीवाल्यानं विचारलं, "गव्हावर टाकू ना, वहिनी? आत्ता ज्वारी चाललीय, थांबावं लागेल."

"टाका कशावरही," मी म्हटलं.

दूध घातलं नाही, तूप घातलं नाही. पाणी आणि पीठ. सासूबाईंची परात. भाकर झाली ती जराशी करडी, कडेला भेगाळलेली, ताटाएवढी. पाळकांनी उचलली तेव्हा चर्च गच्च भरलेलं होतं. मोडताना तिचा आवाज मागच्या बाकापर्यंत गेला. तुकडा हातावर आला, तोंडात घातला, कडुलिंबाची किंचित कडू चव होती. दिनेशनं मोठ्या प्याल्यातून घेतलं, आणि ज्यानं त्यांना भर सभेत वाट्यांचा सेट म्हणून हिणवलं होतं त्यानं छोटा पेला उचलला. मुद्दाम की चुकून, विचारायला कोणी गेलं नाही.

उपासना सुटल्यावर मी दारापाशी उभी राहिले. सवय. वत्सलाबाई आली. डोळे पुसत होती.

"अगदी लंकाची भाकर," ती म्हणाली आणि पुढे गेली. मागच्यानंही तेच म्हटलं. त्याच्या मागच्यानंही. पाळकसाहेबसुद्धा. मी एकेकाच्या तोंडाकडे बघत होते, की कोणी तरी म्हणेल, मीना, तू केलीस ना? कोणी म्हणालं नाही. मला तेव्हा सासूबाईंचं म्हणणं कळलं, आणि कळलं म्हणून राग काही कमी झाला नाही.

आता ते काम माझंच आहे. पहिल्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी मी पांढरी पिशवी घेऊन निघते. परवा गल्लीच्या टोकाच्या नव्या बिऱ्हाडात गेले. दार एका चिमुरडीनं उघडलं. आतून आईनं विचारलं, "कोण आहे गं?" पोरगी ओरडली, "लंकाबाई आल्या!" आणि पळत जाऊन मूठ भरून आणली. तिनं लंकाबाईंना कधी पाहिलंही नव्हतं; गल्लीतल्या पोरांकडून नाव तेवढं ऐकलेलं.

"मी लंकाबाई नाही, बाळ," मी म्हटलं. "मी मीना."

तिनं मूठ मागे घेतली. पाठीमागे लपवली. "मग नाही द्यायची," म्हणाली. "ही लंकाबाईंची आहे."

मी त्या मुठीकडे बघितलं. आतमध्ये जुनी आग पेटली, अगदी तीच.

"बरं," मी म्हटलं आणि पिशवीचं तोंड उघडून धरलं. "लंकाबाईंची तर लंकाबाईंची."